पाचव्याचा आवाज

६ एप्रिल

कप्तानचा फोन दुकानात आला. यंदा बोट पाण्यात उतरवायची, म्हणाला. मी त्या वेळी एका आजींच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होतो. फोन ठेवेपर्यंत ती तिरकीच राहिली आणि आजींना ती तिरकीच आवडली. माझ्या धंद्यात निम्मं यश असंच येतं.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, बाहेर हो पडलं.

बोट वर्षभर शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. आम्ही पाचजणांनी मिळून ती घेतली त्याला एकोणीस वर्षं झाली. कप्तान खरा जमिनी मोजणारा सर्व्हेअर, पण पाण्यावर गेला की कप्तान. बाई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. फ्यूज वायरमन आहे, रागही तसाच, फट्कन उडणारा. मी चष्मेवाला, म्हणून भिंग. आणि पाचवा रेडिओ. त्याने सव्वीस वर्षं सकाळी सातच्या बातम्या वाचल्या. त्याचा आवाज ऐकत लोकांनी दाढ्या केल्या, दुधं उतू घालवली.

गेल्या ९ मेला तो आमच्या बोटीवरून पाण्यात पडला आणि गेला.

ही वही गिऱ्हाइकांच्या नंबरांची आहे, मागची पानं कोरी होती. कुणाशी तरी बोलायला हवं, आणि वही मध्ये बोलत नाही.

९ एप्रिल

आज सगळं लिहूनच टाकतो.

आमच्या बोटीवर एकच कडक नियम होता, मोजणी. शीड या बाजूचं त्या बाजूला पालटलं की कप्तान सुकाणूवरून ओरडायचा, ‘मोजणी’, आणि प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. शीड एवढं मोठं की मागे बसलेल्या माणसाला पुढचं टोक दिसत नाही, म्हणून हा नियम. एक कप्तान, दोन बाई, तीन फ्यूज, चार मी. पाच रेडिओ. तो पुढच्या टोकाला तोंडावर टोपी टाकून आडवा पडायचा आणि आकडा काही सांगायचा नाही. म्हणायचा, ‘आवाजावर माझं पोट आहे. सुट्टीत फुकट वाजवणार नाही.’

मग पहिल्याच वर्षी मी गमतीने त्याच्या वतीने म्हटलं, पाच. अगदी त्याच्या बातम्यांच्या आवाजात, छातीतून, शेवटचं अक्षर जरा दाबून. सगळे हसले. टोपीखाली तोही हसला. पुढे हसणं बंद झालं आणि सवय राहिली. चार माझ्या आवाजात, पाच त्याच्या.

त्या दिवशी मी खाली केबिनमध्ये चहा ओतत होतो. पाच कप. तलावातल्या बेटाच्या जरा अलीकडे वरून हाक आली, मोजणी. एक, दोन, तीन. मी किटली हातात धरूनच म्हटलं, चार, पाच.

कप घेऊन वर आलो तेव्हा तो दिसला नाही. शिडापलीकडे लोळत असेल, म्हटलं, आणि त्याच्या कपावर बशी झाकली. चहा निवला तेव्हा उठवायला गेलो. तिथे टोपी होती. तोवर आम्ही बेटाजवळ पोचलो होतो.

चौकशीत चौघांनी हेच सांगितलं की मोजणीला पाच आकडे आले. कप्तानच्या नोंदवहीतही तसंच आहे. म्हणून सगळा शोध बेटाभोवती झाला. तो सापडला दोन दिवसांनी, पार मागे, लव्हाळ्याच्या काठाला. लोक म्हणाले प्रवाहाने नेलं. तलावाला कसला आलाय प्रवाह.

त्याच्या बायकोला, आमच्या वहिनीला, वाटतं की बेटाजवळ तो मजेत ‘पाच’ म्हणाला आणि मग कधीतरी पटकन गेला. तो शब्द माझा होता. हे तिला सांगायला हवं. वर्षभरात तिच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा दुसरंच काही बोलून परत आलो. एकदा तर तिच्या चष्म्याचे स्क्रू आवळून आलो.

बाकीच्या तिघांच्या हे लक्षात आलेलं नाही. ते सगळे शिडाकडे बघत होते.

१५ एप्रिल

शेडमध्ये दिवसभर बोट घासली. फ्यूजने दिव्याच्या वायरी बदलल्या आणि बोटीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कप्तानने पाच लाइफ जॅकेट आणलीत, नारिंगी. ‘वरातीमागून घोडं,’ असं त्याचं तोच म्हणाला. पाच का आणली, हे कुणी विचारलं नाही.

केबिनमध्ये कप पाचही खिळ्यांना टांगलेले होते. बाईंनी पाचवा काढून पिशवीत ठेवला. मी तो परत टांगला.

२१ एप्रिल

पहिली फेरी. वारा बेताचा, पाणी स्वच्छ. तासभर बरं वाटलं, हे कबूल करतो. मग शीड पालटलं आणि कप्तान सवयीने ओरडला, मोजणी.

एक. दोन. तीन. मी म्हटलं चार.

आणि पाच ऐकू आलं.

त्याचाच आवाज. पुढून आला का मागून ते सांगता येत नाही, अगदी जवळून आला. छातीत घुमतो तसा. मी केबिनच्या दाराशी बसलो होतो, उठून पुढच्या टोकापर्यंत जाऊन आलो. दोर, नांगर, बाकी काही नाही. मागे वळलो तर तिघेही माझ्याकडे बघत होते. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं. मला एकट्यालाच भास झाला असता तर त्यांनी तसं बघितलं नसतं.

कप्तानने बोट माघारी वळवली. धक्क्यावर उतरताना फ्यूजने माझा दंड धरला. एरवी तो कुणाचा दंड धरत नाही, धरला तर पिरगाळतो.

२३ एप्रिल

घसा बसलाय. पाण्यावरचा वारा बाधला. बायकोने मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. ती म्हणते, दुपारी पडल्यावर मी झोपेत बोलतो. काय बोलतो विचारलं तर म्हणाली, बातम्या सांगता. मला वाटतं चेष्टा करत होती. पण हसली नाही.

२८ एप्रिल

दुसरी फेरी. बाईंनी मला मुद्दाम मागे, कप्तानशेजारी बसवलं. पुढे कुणीच नाही. आज आकडे नकोत, नुसते हात वर करू, असं बाई म्हणाल्या. शाळेत चालतं ते इथे चालेल का, असं मी म्हटलं, पण तसं केलं.

कप्तानने हाक दिली. एकेक हात वर झाला. मी हात वर केला आणि पाच ऐकू आलं. या वेळी मागून, कप्तान आणि माझ्या मधून. कप्तान इतका दचकला की सुकाणू सुटलं आणि शीड फडफडायला लागलं.

म्हणजे तो एका जागी नाही. मी जिथे बसतो तिथे येतो.

धक्क्याला लागल्यावर मी केबिनच्या फळ्या काढून पाहिल्या. पाण्याची नळी, हवेची नळी, जुना ट्रान्झिस्टर, सगळं तपासलं. एखाद्या नळीतून लांबचा आवाज घुमत येत असेल. फ्यूजने बॅटरी धरली. दोन तास मला शोधू दिलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पोळपाट पुसत म्हणाली, ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा.’ तिला हल्ली कुठेही म्हणी सुचतात.

३० एप्रिल

मी डोळ्यांचा माणूस, कानांचं मला कळत नाही. म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेलो. माझंच गिऱ्हाईक आहे, वाचायचा चष्मा दोन पॉइंट पाच. कान उत्तम आहेत, म्हणाला. मग उगाच घशात आरसा घालून बघितलं. घशाला सूज आहे, तुम्ही फार खालच्या पट्टीत बोलता का, असं विचारलं. मी म्हटलं, मी दिवसभर ‘वरची ओळ दिसते का’ एवढंच बोलतो आणि तेही किरट्या आवाजात. महिनाभर कमी बोला, म्हणाला.

कान दाखवायला गेलो आणि घशाचं औषध घेऊन आलो. डॉक्टरी तरी काय, सगळा आनंद आहे.

३ मे

वहिनी दुकानात आली. मला वाटलं चष्म्याचं काम असेल. ती स्टुलावर बसली, समोरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत, आणि मग म्हणाली की नऊ तारखेला तिला बोटीवर यायचंय. एकदा ती जागा बघायची आहे.

मी नको म्हणण्यासारखं बरंच काही बोललो. वारा, ऊन, तिचे गुडघे. ती ऐकत होती. घरी त्यांचा एकही शब्द टेपवर नाही, असं तिने सांगितलं. सव्वीस वर्षं थेट वाचलं, कुणी साठवून ठेवलं नाही. तिने रेडिओ केंद्रात जाऊन विचारलंही. दुसऱ्यांच्या भाषणांच्या टेपा आहेत. रोजच्या बातम्या कोण ठेवतो.

‘माझ्याकडे त्यांचा एकच शब्द आहे, भावोजी,’ ती म्हणाली. ‘तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला. सकाळी सात वाजले की मी तो एकदा आठवते. तुमच्याकडून ऐकलाय, तरी तो त्यांच्याच आवाजात ऐकू येतो.’

मी तोंड उघडलं. आज सांगायचंच होतं. घसा इतका दुखला की खोकलाच आला. तिने मला पाणी आणून दिलं. माझ्याच दुकानातल्या माठातलं पाणी मला तिने आणून दिलं आणि मी ते प्यायलो.

५ मे

कप्तानच्या घरी चौघे बसलो. मी वहिनीचं येणं सांगितलं. फ्यूज उठून खिडकीशी गेला. कप्तान म्हणाला, जे चौकशीत सांगितलं ते सगळ्यांनी मिळून सांगितलं, आता ते उकरायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी विचारलं, कसली मूठ. तो म्हणाला, काही नाही.

मग बाई म्हणाल्या, ‘भिंग, तू नऊ तारखेला येऊ नकोस. तुझी तब्येत बरी नाही.’

मला वाईट वाटलं. रेडिओचा जवळचा मित्र मी. त्याच्यासोबत अठरा वर्षं मी बोटीवर होतो. माझ्यावाचून ते वहिनीला त्या पाण्यावर कसे नेणार? शिवाय तो आवाज आला तर निदान मी तिला आधार देईन. मी येणार, असं सांगून निघालो. जिन्यात असताना वर बाईंचा आवाज ऐकू आला, ‘त्याला कुणीतरी सांगा रे.’ काय सांगायचं ते कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं त्यांना माझं गुपित कळलं की काय. पण कळलं असतं तर माझ्याशी बोलले असते का?

८ मे

उद्या सांगणार. वहिनी बोटीत पाय ठेवायच्या आधी, धक्क्यावर. वाक्य ठरवलंय: वहिनी, तो शब्द मी म्हटला होता. सहाच शब्द आहेत. आरशासमोर म्हणून पाहिलं, जमलं.

९ मे

धक्क्यावर सांगता आलं नाही. ती वेळेआधी येऊन बोटीत बसलीही होती. नारिंगी जॅकेट अंगात, गळ्यापर्यंत बंद. ती माझ्यासमोर केबिनच्या दारात बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

कप्तान आज मोजणी घेणार नव्हता. शीड दोनदा पालटलं, तो गप्प. तिसऱ्यांदा वहिनी स्वतः म्हणाली, मोजणी घ्या, मला तीच ऐकायची आहे. कप्तानने माझ्याकडे पाहिलं. मग हाक दिली. एक त्याचाच. दोन बाईंचा, फार हळू. तीन. मी म्हटलं चार, आणि दात घट्ट आवळले, कारण आता ते येणार हे ठाऊक होतं.

पाच.

स्पष्ट, भरदार. मी वहिनीला धरायला हात पुढे केला. ती घाबरली नव्हती. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

‘भावोजी, परत म्हणा.’

मी म्हटलं, मी चार म्हटलं. पाच मी नाही, ते, आम्हाला सगळ्यांनाच ऐकू येतं हल्ली.

‘तुमचा गळा हलला,’ ती म्हणाली. ‘आणि ते शेवटचं अक्षर असं दाबायचे नाहीत. मी रोज सातला कान लावून ऐकलंय. दाबता तुम्ही.’

मी तिघांकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. मग मला सगळं एकदम दिसलं. मी रोज लोकांना विचारतो, आता स्पष्ट दिसतंय का? तसं स्पष्ट दिसलं आणि नको झालं. घसा दुखतच होता, आत्ताही, नुकता वापरल्यासारखा.

‘त्या दिवशीही तुम्हीच?’ तिने विचारलं.

हो म्हटलं. ठरवलेलं वाक्य नाहीच आलं, नुसतं हो. तिने विचारलं, मी कुठे होतो. खाली, म्हटलं, चहा ओतत होतो. पाहिलं नव्हतं. दर वेळी मीच म्हणायचो. मग तिने बाकीच्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? फ्यूज म्हणाला, हो. बाईही म्हणाल्या. कप्तानला तिने विचारलंच नाही.

‘वर्षभर मी त्यांचा म्हणून तुमचा शब्द उराशी धरून बसले,’ ती म्हणाली. ओरडून नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, खरी जागा दाखवा.

लव्हाळ्याच्या काठाकडे गेलो. कप्तानने शीड उतरवलं, बोट उभी राहिली. तिने विचारलं, इथून काठ किती लांब? कप्तानने डोळे बारीक केले, सवयीने मोजलं. एकशे चाळीस मीटर. तिने विचारलं, त्यांना पोहता किती यायचं. थोडं, मी म्हटलं. दम लवकर लागायचा.

‘मग त्यांनी हाक मारली असेल.’

पाणी बोटीखाली चपचप करत होतं. त्या माणसाने सुट्टीत कधी आवाज वापरला नाही, आणि एकदा वापरला असेल तो इथे. त्या वेळी मी खाली किटली धरून त्याच्याच आवाजात सगळं ठीक असल्याचं सांगत होतो. दोन्ही आवाज एका वेळी निघाले असतील का, हे मला आता आयुष्यभर पुरेल.

येताना कप्तानने मोजणी घेतली. का घेतली कोण जाणे. एक, दोन, तीन. मी चार म्हटलं. पुढे काही आलं नाही. आम्ही पाचहीजण वाट बघत होतो.

१२ मे

कप्तान चौकशीवाल्यांना पत्र लिहिणार आहे, चौघांच्या सह्यांचं. मी सही केली. फ्यूज म्हणाला, पहिल्याच फेरीला तुला सांगायला हवं होतं, पण तू ज्या तोंडाने ते म्हणालास ते बघून कुणाची छाती झाली नाही. मी विचारलं, कसं तोंड. तो म्हणाला, आनंदी.

१८ मे

सकाळी सातला वहिनीचा फोन आला. बायकोने उचलला आणि माझ्या हातात देऊन ती आत गेली.

वहिनी म्हणाली, तिने आठ दिवस वाट पाहिली, पण आता सात वाजले की काहीच ऐकू येत नाही. तिला जुना शब्द आठवतो तो माझ्या गळ्यासकट. तो माझा आहे हे तिला पुरतं ठाऊक आहे, असं म्हणाली. अक्षर दाबलेलं असलं तरी चालेल.

‘एकदा म्हणा,’ ती म्हणाली. ‘आकडा नको. बातम्यांची सुरुवात म्हणा.’

मी खुर्चीत सरळ बसलो, छाती भरून घेतली, तो बसायचा तसा. नमस्कार, आता ठळक बातम्या, असं म्हटलं. माझाच आवाज आला. वरची ओळ दिसते का विचारणारा, किरटा. परत म्हटलं. पोटातून काढून पाहिला, मान खाली घालून पाहिला. एकोणीस वर्षं न मागता येणारा आवाज कुठून आणायचा ते मला आठवेना. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तर अगदीच चष्मेवाला बोलत होता.

तिने तिन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी डॉक्टर दुकानासमोरून जात होता, त्याने आत येऊन घसा बघितला. सूज पूर्ण गेली आहे.